ऊन, पाणी आणि आजार एकाच नकाशावर: शहर नियोजनात नव्याने येणाऱ्यांसाठी

शहर नियोजनाच्या कामात नवा माणूस आला की त्याच्यापुढे दोन वेगळ्या फायली येतात. एक आरोग्याची: डेंग्यूचे रुग्ण, गॅस्ट्रोची साथ, उष्माघाताच्या नोंदी. दुसरी हवामान बदलाची: पूररेषा, तापमानाचे आलेख, झाडांची गणती. फायली वेगवेगळ्या कपाटांत असतात आणि त्या सांभाळणारी माणसं वेगवेगळ्या मजल्यांवर बसतात. पण ज्या घरात पावसाचं पाणी शिरतं, त्याच घरात आठवड्या-दोन आठवड्यांनी तापाचं अंथरूण पडतं. ज्या पत्र्याखाली रात्रभर डोळा लागत नाही, त्याच पत्र्याखाली एखाद्या म्हाताऱ्या माणसाचं हृदय बंद पडतं. आजाराचा नकाशा आणि ऊन-पाण्याचा नकाशा बहुतेक वेळा एकच असतो. तो कसा काढायचा आणि त्यावरून काम कसं ठरवायचं, ते पायरीपायरीने सांगतो.

तुम्ही नियोजनाचं शिक्षण घेतलेले असाल, नव्याने निवडून आलेले असाल किंवा वस्तीच्या कामात पडलेले साधे रहिवासी असाल, पायऱ्या त्याच आहेत. सुरुवात मात्र एका वस्तीपासून करा. पाच ते दहा हजार लोकांची, तासाभरात पायी फिरून होईल एवढी. अख्ख्या शहराच्या नकाशावर गल्ली दिसत नाही, आणि आजार गल्लीत होतो.

पायरी १: आजार आणि मृत्यू नकाशावर मांडा

१८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली. जॉन स्नो या डॉक्टरने माणसं कुठे दगावली ते घरोघर विचारून नकाशावर मांडलं. खुणांची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाभोवती होती. ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढला गेला. गोष्ट साधारण इथपर्यंत सांगतात. मला त्यातला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. स्नोने अपवाद तपासले. पंपाजवळच एक गरीबगृह होतं, ५०० हून अधिक माणसं राहत होती, पण तिथे मोजकेच मृत्यू झाले. का? तर त्यांची स्वतःची विहीर होती. उलट, कित्येक मैल दूर राहणारी एक विधवा कॉलऱ्याने गेली. तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची म्हणून ती ते मुद्दाम मागवून घेत असे. दाटीने संशय दिला आणि अपवादांनी खात्री दिली. तुमच्या वस्तीतही हेच करा. जिथे आजार असायला हवा होता पण नाही, त्या गल्लीत जाऊन बसा, तिथे काय वेगळं आहे ते बघा.

माहिती कुठून आणायची? दवाखान्याच्या बाह्यरुग्ण नोंदवहीतून, मृत्यूनोंदणीतून, रुग्णवाहिकेच्या नोंदींतून, शाळेच्या हजेरीपटावरून. ताप, जुलाब, दमा आणि उष्म्याचे त्रास, एवढे चार प्रकार पहिल्या खेपेला पुरेत. नोंद उतरवताना नाव कधीच घेऊ नका. गल्ली, वयोगट, तारीख आणि तक्रार एवढंच लिहा. नकाशावर ठिपका घरावर न मांडता गल्लीवर मांडा. आजाराची नोंद ही कुणाच्या तरी खासगी आयुष्याचा तुकडा असते, आणि तिचा मान ठेवला नाही तर पुढच्या वेळी कुणी तुम्हाला दार उघडणार नाही.

एका बाबतीत नवखे हमखास फसतात. मृत्यूच्या दाखल्यावर ‘उष्णता’ हे कारण क्वचितच लिहिलेलं असतं. उन्हाने माणूस जातो तो हृदयविकाराच्या, मूत्रपिंडाच्या किंवा श्वसनाच्या नावाखाली. म्हणून त्या आठवड्यातले सगळे मृत्यू मोजा आणि आधीच्या वर्षांतल्या त्याच आठवड्यांशी ताडून पाहा. जो फरक निघतो तो उन्हाचा हिशेब. २००३ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये सुमारे १५,००० मृत्यू नेहमीपेक्षा जास्त झाले, ते अशाच मोजणीतून कळलं. अहमदाबादमध्ये मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा सुमारे १,३०० मृत्यू अधिक झाल्याचं असंच पुढे आलं, आणि २०१३ मध्ये त्या शहराने दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा लागू केला. आकडा समोर आला म्हणून आराखडा झाला.

पायरी २: उन्हाचा नकाशा पायी चालून काढा

शहराच्या मध्यभागी आजूबाजूच्या रानापेक्षा जास्त उकडतं, हे ल्यूक हॉवर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लंडनमध्ये मोजून दाखवलं होतं. काँक्रीट आणि डांबर दिवसभर ऊन पितात आणि रात्री ते सोडत राहतात. दाटीच्या इमारतींमुळे ही उष्णता आकाशाकडे निघून जायला वाट मिळत नाही. वाहनं आणि वातानुकूलन यंत्रं आपली भर घालतात. म्हणून दुपारच्या कमाल तापमानाइतकंच रात्रीच्या किमान तापमानाकडे लक्ष द्या. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री थंड व्हायला वेळ मिळाला नाही, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते हार खातं. हवेत दमटपणा असेल तर धोका वाढतो, कारण घाम वाळतच नाही आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही.

उपग्रहाचे रंगीत नकाशे सहज मिळतात आणि दिसायला छान असतात, पण ते पृष्ठभागाचं तापमान दाखवतात: छताचं, रस्त्याचं. माणूस ज्या हवेत श्वास घेतो तिचं तापमान वेगळं असतं. उपग्रहाचा नकाशा कुठे जाऊन मोजायचं ते ठरवायला वापरा, निष्कर्ष काढायला नको. साधा तापमापक घ्या, शक्य असेल तर आर्द्रता दाखवणारा. पहाटे, दुपारी दोन-तीनच्या सुमारास आणि रात्री दहाला, एकाच वाटेने तीन फेऱ्या मारा. प्रत्येक ठिकाणी तापमापक सावलीत, छातीच्या उंचीवर धरा आणि पाच मिनिटं थांबूनच आकडा लिहा.

या फेऱ्यांत आकड्यांपेक्षा डोळ्यांना जास्त सापडतं. मी एका बसथांब्यावर दुपारी चार वाजता उभा होतो. थांब्याला छप्पर होतं, पण सूर्य पश्चिमेला कलल्यावर त्याची सावली मागच्या भिंतीपलीकडे पडत होती आणि लोखंडी बाक मोकळ्या उन्हात तापत होता. बाकावर कुणी नव्हतं. सात माणसं विजेच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक, खांबाएवढ्या रुंदीत उभी होती. खांबाची सावली सरकली की रांग सरकायची. रांगेत शेवटी एक गरोदर बाई होती. थांब्याचा नकाशा काढणाऱ्याने छप्पर काढलं होतं, पण दुपारच्या चारचा सूर्य काढला नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येक थांबा, प्रत्येक शाळेचं फाटक आणि पाण्याचा प्रत्येक नळ तिन्ही प्रहरांना बघतो.

घराच्या आतही मोजा. वरच्या मजल्यावरच्या आणि पत्र्याच्या चार-पाच घरांत, घरच्यांच्या परवानगीने, आठवडाभर तापमापक ठेवा. रोज रात्री दहाचा आकडा वहीत लिहायचं काम घरातल्या शाळकरी मुलाला द्या. मुलं हे काम मोठ्यांपेक्षा नेमाने करतात.

पायरी ३: पाण्याचा हिशेब करा

घाबरू नका, हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. म्हणजे एक हेक्टर वस्तीवर ५० मिमी पाऊस झाला तर ५ लाख लिटर. जमीन सगळी डांबर-काँक्रीटची असेल तर त्यातलं जवळपास नव्वद टक्के पाणी लगेच वाहायला लागतं. माती आणि झाडोरा असेल तर त्याचा बराच मोठा भाग जिरतो किंवा निदान रेंगाळतो. आता तुमच्या वस्तीचं क्षेत्रफळ घ्या, किती भाग झाकलेला आहे ते ठरवा आणि गुणाकार करा. येणारा आकडा बघितला की गटार किती लहान आहे ते कुणी सांगावं लागत नाही.

हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, त्यामुळे जोराची सर आणखी जोराची होत चालली आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. २ जुलै २०११ ला डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनच्या काही भागांत अवघ्या दोन-तीन तासांत सुमारे १५० मिमी पडला. असं पाणी कुठल्याही पाइपात मावणार नाही. कोपनहेगनने २०१२ मध्ये ढगफुटीसाठी जो आराखडा केला, त्याचं सार हेच की काही रस्ते आणि उद्यानं पाणी वाहून न्यायला किंवा काही तास धरून ठेवायला मुद्दाम घडवायची. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅममध्ये २०१३ साली बेंथेमप्लाइन नावाचा चौक तयार झाला. एरवी मुलं त्याच्या खोलगट मैदानात खेळतात आणि मोठ्या पावसात तोच चौक सुमारे १७ लाख लिटर पाणी साठवतो. वरच्या हिशेबाशी ताडून बघा: ५० मिमी पावसाचं जवळपास साडेतीन हेक्टरांचं पाणी एका चौकात थांबलं.

खरा नकाशा मात्र भर पावसात बाहेर पडल्यावर निघतो. पहिलं डबकं कुठे साचतं, कुठल्या चेंबरमधून पाणी उलटं वर येतं, कुठली गल्ली सगळ्यात शेवटी रिकामी होते, हे वेळेसकट लिहा. जुन्या रहिवाशांना ‘पूर येतो का?’ असं विचारू नका, उत्तर ‘येतो’ असंच मिळेल. ‘तेव्हा पाणी कितव्या पायरीला लागलं होतं?’ असं विचारा. लोक उठून बोट ठेवून दाखवतात. तिथे खडूने रेघ ओढा, जमिनीपासून उंची मोजा, फोटो काढा.

पाणी आणि आजार यांचं नातं इथे नीट समजून घ्या, कारण सगळ्या आराखड्याचा कणा हाच आहे. नळाला पाणी ठरावीक वेळच येत असेल तर उरलेल्या वेळात पाइपात दाब नसतो. तो पाइप गटारातून किंवा तुंबलेल्या पाण्यातून जात असेल आणि त्याला बारीक चीर असेल, तर बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं आणि दुसऱ्या दिवशी ते नळातून येतं. जुलाबाची साथ पुष्कळदा अशी सुरू होते. लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंमुळे येणारा ताप साचलेल्या पाण्यातून, त्यात मिसळलेल्या उंदीर-घुशींच्या मूत्रातून, पायाच्या जखमेवाटे शिरतो. डेंग्यूचा एडिस डास तर घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्याच्या भांड्यातही, पाण्यालगतच्या कडेला अंडी घालतो. ही अंडी कोरड्या पिंपाच्या कडेला महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी लागलं की साधारण आठवड्याभरात डास तयार होतो. म्हणून भांडी आठवड्यातून एकदा घासून कोरडी करायला सांगतात. पण लोक पाणी साठवतात ते नळाचा भरवसा नसतो म्हणून. नळाचा भरवसा वाढवणं हा डेंग्यूवरचा सगळ्यात टिकाऊ उपाय आहे, आणि तो धुराच्या यंत्रापेक्षा फार कमी वेळा बोलला जातो.

पायरी ४: तिन्ही नकाशे एकावर एक ठेवा

ट्रेसिंग पेपर पुरेल. आजार, ऊन आणि पाणी, तिन्हींचे डाग ज्या गल्ल्यांवर एकत्र येतात तिथून काम सुरू करायचं. मग त्या गल्ल्यांत कोण राहतं ते लिहा: एकटी राहणारी वृद्ध माणसं, तान्ही बाळं, उन्हात काम करणारे, अंथरुणाला खिळलेले.

एकटेपणाचा रकाना विसरू नका. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेने ७०० हून अधिक माणसं गेली. त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचं प्रमाण मोठं होतं. कित्येकांच्या खिडक्या चोरांच्या भीतीपोटी बंद होत्या आणि कुणी दार ठोठावलं नाही. शेजारशेजारच्या, सारख्याच गरीब दोन वस्त्यांत मात्र मृत्यूंचं प्रमाण फार वेगळं निघालं. जिथे दुकानं चालू होती, रस्त्यावर वर्दळ होती, म्हातारी माणसं पाय मोकळे करायला बाहेर पडत होती, तिथे माणसं वाचली. पदपथ, बाक आणि कोपऱ्यावरचं दुकान हे आरोग्य सेवेतच मोजा.

पायरी ५: उपाय ठरवा, आणि सांभाळणार कोण ते त्याच ओळीत लिहा

बांधकाम न लागणारे उपाय आधी. उष्णतेच्या दिवशी कोण कुणाला फोन करणार, कुठली शाळा किंवा सभागृह गारव्यासाठी उघडं राहणार, चावी कुणाकडे, पाणी कोण भरणार. बार्सिलोनाने ग्रंथालयं, शाळा आणि उद्यानं मिळून अशा निवारा-जागांचं जाळं उभं केलं आहे, त्यासाठी नव्या इमारती बांधल्या नाहीत.

मग छतं. पत्र्याला किंवा गच्चीला पांढरा परावर्तक रंग दिला की छत खूप कमी तापतं आणि खाली राहणाऱ्याला काही अंशांचा दिलासा मिळतो. धूळ बसली की परिणाम घटतो, तेव्हा धुण्याचा आणि पुन्हा रंगवण्याचा खर्च पहिल्याच वर्षी धरा. हाच रंग रस्त्याला किंवा मोकळ्या पटांगणाला सरसकट देऊ नका. जमिनीवरून परतलेलं ऊन चालणाऱ्याच्या अंगावर येतं.

झाडांबद्दल मी थोडं अधिक लिहितो, कारण तिथे मी स्वतः चुकलो आहे. पहिल्या कामात आम्ही लावलेल्या रोपांचा आकडा अभिमानाने अहवालात टाकला. खड्डे अरुंद होते, चारी बाजूंनी काँक्रीट होतं आणि पाणी घालायचं काम कुणाच्याच नावावर नव्हतं. दुसऱ्या उन्हाळ्यात त्या ओळीत वाळलेल्या काठ्या उभ्या होत्या. आता मी तिसऱ्या वर्षी जिवंत असलेली झाडंच मोजतो. रोपापेक्षा मातीला जास्त जागा द्या, पसरट सावलीची झाडं निवडा, बसथांब्याच्या आणि पदपथाच्या पश्चिमेला आधी लावा. कोलंबियातल्या मेडेयीन शहराने २०१६ पासून ३० हरित मार्गिका केल्या आणि तिथलं तापमान सुमारे २ अंशांनी उतरल्याचं सांगितलं जातं. त्यामागे प्रशिक्षण दिलेले, पगारी माळी आहेत, हे लक्षात ठेवा. वस्तीला मोजपट्टी हवी असेल तर ३-३०-३०० चा नियम सोपा आहे: प्रत्येक घरातून ३ झाडं दिसावीत, वस्तीच्या ३० टक्के भागावर झाडांची सावली असावी, आणि ३०० मीटरच्या आत उद्यान असावं. मात्र अरुंद आणि वाहनांनी गजबजलेल्या रस्त्यावर फांद्यांचं बंद छत करू नका, खालचा धूर अडकून राहतो. तिथे वाहनं कमी करणं हाच पहिला उपाय.

रस्त्यांविषयी थोडक्यात. वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी ३० किमीची मर्यादा मागा. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याच संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ या सूक्ष्म कणांची वार्षिक शिफारस घनमीटरला १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. सुरक्षित पदपथामुळे अपघात, धूर आणि बैठ्या जीवनाचे आजार असे तिन्ही प्रश्न एकदम हलके होतात.

पाणी जिरवणारे खड्डे, बागा, सच्छिद्र फरशी यांचा आराखडा करताना एक अट घाला: साचलेलं पाणी दोन दिवसांत जिरलं किंवा वाहून गेलं पाहिजे. नाहीतर पुरावरचा उपाय डासांचं घर होतो. फरशीची छिद्रंही गाळाने बुजतात, ती साफ कोण करणार ते लिहा.

आणि एक गोष्ट पोटतिडकीने सांगतो. ‘पूरप्रवण’ हा शिक्का नकाशावर मारला की तो घरं हटवायला वापरला जाऊ शकतो. नाल्याकाठची माणसं तिथे हौसेने राहायला गेलेली नसतात, काम जवळ असतं म्हणून राहतात. त्यांना दूर नेऊन टाकलं की पूर टळतो, पण रोजगार, शाळा आणि दवाखाना तिन्ही तुटतात आणि आजारपण वेगळ्या वाटेने परत येतं. हलवणं खरोखरच अटळ असेल तर त्याच परिसरात, त्यांच्या संमतीने आणि नवं घर आधी हातात देऊन. उद्यान झाल्यावर भाडी वाढून जुने भाडेकरू बाहेर पडत असतील, तर तेही तुमच्याच आराखड्याच्या खात्यावर लिहा.

पायरी ६: नकाशा लोकांपुढे जमिनीवर पसरा

बैठक कामावरून लोक परतल्यावर ठेवा. बायकांशी वेगळी बैठक घ्या. रात्रीचा अंधार, पाण्याची रांग आणि शौचालयाची वाट यांबद्दल त्या मोकळेपणाने तिथेच बोलतात. भिंतीवरच्या पडद्यापेक्षा जमिनीवरचा मोठा कागद बरा, कारण लोक गुडघ्यावर बसून त्यावर हात ठेवतात आणि ‘हे चुकलंय’ म्हणतात. चुकलेलं तिथल्या तिथे त्यांच्याच हाताने दुरुस्त होऊ द्या.

पायरी ७: पहिला उन्हाळा आणि पहिला पावसाळा

काम झालं की मोजणी संपत नाही. त्याच वाटेने, त्याच वेळांना, त्याच तापमापकाने पुन्हा फिरा. वर्षभरात ज्या गल्लीत काहीच काम झालं नाही तिथेही मोजा, म्हणजे फरक हवामानाचा की तुमच्या कामाचा ते कळेल. दवाखान्याची नोंदवही पुन्हा उघडा. फोनच्या यादीतल्या माणसांना विचारा की लाटेच्या दिवशी खरोखर फोन आला का, आणि किती वाजता आला. पहिल्या मोठ्या पावसात, खडूची रेघ ओढली होती त्या पायरीपाशी जाऊन उभे राहा. पाणी उतरायला लागलं की जिथवर ते आलं होतं तिथे नवी रेघ ओढा आणि तिच्याशेजारी तारीख व वेळ लिहा.